झालं की जाऊ

"एकदा भोक पाडलं की परत बुजत नाही हं," मायरन म्हणाला. "खिडकी नक्की इथंच हवी ना?"

ट्रेलरच्या आतून डॅनिकाचा आवाज आला. पत्र्याच्या भिंतींमुळे तो घुमत होता. "डॅड, तू तिसऱ्यांदा विचारतोयस. मी इथं आडवी पडलेय. माझं डोकं इथंच येतंय. इथंच हवी."

"आणि पाऊस आत आला तर?"

"आधी भोक तर पाड! मग पावसाचं बघू."

स्वयंपाकघराच्या पायरीवर लॉरेटा बटाटे सोलत बसली होती. ती हसून म्हणाली, "पोरगी बारा वर्षांची आहे, मायरन. तू कापेपर्यंत तिचं लग्न होईल."

मायरनने पांढऱ्या पत्र्यावर पेन्सिलीने आखलेला चौकोन पुन्हा एकदा मोजला. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून कडेने कागदी पट्टी चिकटवली होती, ती अंगठ्याने दाबून घेतली. चार कोपऱ्यांना चार भोकं पाडून त्याने शेवटी करवत चालू केली. पत्र्याचा तुकडा आत पडला आणि त्या चौकोनात डॅनिकाचा चेहरा उगवला. केसांत लोखंडाचा चुरा होता. तिने दोन्ही कोपर बाहेर टेकवले आणि दुकानदाराच्या थाटात विचारलं, "बोला, काय देऊ? बटाटा भरलेल्या गरम पेरोगी आहेत, कांदा घालून. पैसे आधी."

लॉरेटाने सोललेला एक बटाटा तिच्या हातात ठेवला. "हे घ्या पैसे."

मायरनही हसला. हसता हसता त्याची नजर खालच्या कडेवर गेली. करवत केसभर तिरकी गेली होती. त्याने कानशी काढली.

मायरन पालचुक कॅनोरा गावात घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या, म्हणजे फर्नेस, दुरुस्त करायचा. कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये पारा शून्याखाली चाळीसवर गेला आणि तळघरातली भट्टी बंद पडली, तर दोन तासांत नळ फुटतात आणि म्हाताऱ्या माणसांची मग काही खात्री नसते. म्हणून मायरनचा फोन वाजला की तो ताटावरून उठायचा. पंचक्रोशीतल्या दोनशे-अडीचशे तळघरांत त्याची अक्षरं होती. भट्टीच्या बाजूला, पेन्सिलीने, कोणत्या तारखेला काय बदललं त्याची नोंद. त्याने दुरुस्त केलेलं यंत्र सहसा पुन्हा बिघडत नसे. लोक म्हणत, पालचुकला उशीर लागेल, पण एकदाच लागेल.

हा ट्रेलर त्याने एका फरशीवाल्याकडून घेतला होता. सोळा फूट लांब, सात फूट रुंद, चारी बाजूंनी बंद, मागचं अख्खं दार खाली पाडलं की त्याचाच उतार व्हायचा. डॅनिकाला मोटोक्रॉसचं वेड लागलं होतं आणि उन्हाळ्यातल्या प्रत्येक शनिवार-रविवारी कुठे ना कुठे शर्यत असायची. मायरनच्या डोक्यात साधा हिशेब होता. मागच्या अर्ध्या भागात मोटरसायकल, टायर, पेट्रोलचे डबे. पुढच्या अर्ध्या भागात तीन माणसांची झोपायची सोय, छोटी शेगडी, एक टेबल. सामानही जाईल आणि घरही बरोबर जाईल.

पहिल्या उन्हाळ्यात यातलं काहीच झालेलं नव्हतं. खिडकी तेवढी होती. तरी ते गेले. जमिनीवर गादी टाकून तिघं आडवी झोपली, पेट्रोलच्या वासात. लॉरेटा घरून कोबीच्या पानातले भाताचे रोल करून आणायची आणि उतारावर बसून शेगडीवर गरम करायची. डॅनिका चिखलाने माखून यायची आणि तशीच ताटावर बसायची. एकदा भर दुपारी असा पाऊस लागला की छतावरच्या झडपेतून पाणी गळायला लागलं. तिघांनी पातेली लावली, मग हेल्मेट लावलं, मग बूट. बुटात पाणी साठलं तेव्हा मायलेकी हसून हसून गादीवर लोळल्या. पुढे कितीतरी वर्षं त्या दोघींनी ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगितली. मायरनच्या लक्षात मात्र झडप राहिली होती.

लॉरेटा गव्हाच्या शेतांत वाढलेली. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या उन्हाळ्याच्या शेवटी ती म्हणाली, "यातूनच जाऊ या ना. असाच. तोफिनोला, समुद्रावर. फार तर तीन दिवस लागतील."

"असाच? छत गळतंय त्याचं."

"गळू दे."

"झालं की जाऊ," मायरन म्हणाला. "एकदा नीट झालं की कुठंही जाऊ."

छत झालं. मग भिंतींत फोम भरायचा म्हणून त्याने आतला प्लायवूड काढला. प्लायवूड काढलाच आहे तर वायरिंगही करून घ्यावं असं ठरलं. तेवढ्यात थंडी आली आणि फोन वाजायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात ट्रेलरच्या लोखंडी बरगड्या उघड्याच होत्या, म्हणून डॅनिकाची मोटरसायकल पिकअपच्या मागे बांधून नेली आणि तिघं मोटेलात झोपली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फक्त मायलेकी गेल्या.

डॅनिका सोळाची असताना शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमाचा बॉयलर बंद पडला. मायरन तीन दिवस तिथेच होता. शनिवारी दुपारी तो परत आला तेव्हा दोघी अंगणात उभ्याच होत्या. डॅनिकाच्या बोटाला पट्टी होती.

"डोळे मीट," लॉरेटा म्हणाली.

"अगं, हात तरी धुऊ दे."

"मीट म्हणते ना!"

डोळे उघडले तेव्हा तो उतारावर उभा होता. आत एकावर एक असे दोन बर्थ होते, आणि समोर तिसरा, रुंद, दोघांचा. कडा घासून गोल केलेल्या. वर चढायला तीन पायऱ्यांची शिडी. खाली पाण्याची टाकी बसवलेली, तिला नळ. लॉरेटाने पिवळ्या चौकड्यांचे पडदे शिवले होते. डॅनिका त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"छान" हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता, हे तो पुढे शपथेवर सांगायचा. पण त्याचे डोळे चाकांकडे गेले.

"हे सगळं मागं का घेतलंस?"

"कारण सकाळी दार खाली पाडलं की झोपल्या झोपल्या समोर तळं दिसेल! मोटरसायकल पुढं, बाजूच्या दाराने काढायची. मी मोजलंय डॅड, बसते."

"बसेल गं. पण टाकी भरली की तीनशे किलो होतील, तेही चाकांच्या मागं. वजन पुढं हवं, गाडीच्या आकड्यावर. नाहीतर हायवेला हा शेपूट हलवायला लागेल आणि आपल्या तिघांना घेऊन खड्ड्यात जाईल."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

"मग... पुढं सरकवू," डॅनिका म्हणाली.

"बघू," मायरन म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये जेवण होतं. मायरन म्हणाला, तुम्ही व्हा पुढं. तीन तासांत त्याने सगळं उतरवलं. एकही फळी मोडू दिली नाही. लांबीप्रमाणे फळ्या लावून भिंतीशी रचल्या, स्क्रू कॉफीच्या डब्यात ठेवले, पडदे घडी घालून वर ठेवले. काही वाया गेलेलं नाही हे पाहून पोरीला बरं वाटेल, असं त्याला खरोखर वाटत होतं.

दोघी परत आल्या. डॅनिका उताराच्या टोकाशी थांबली. रचलेल्या फळ्यांकडे तिने जरा वेळ पाहिलं.

लॉरेटा हळूच म्हणाली, "आजच करायला हवं होतं?"

"उद्यापासून कामावर आहे मी. मग कधी करणार?"

डॅनिका आत गेली, हत्यारांच्या पेटीतून आपली मोजपट्टी उचलली, खिशात टाकली आणि घरात निघून गेली. जेवताना ती नेहमीसारखी बोलली. बटाटे इकडे द्या म्हणाली. प्रकरण मिटलं असं मायरनला वाटलं. मिटलं होतंच. पण काय मिटलं, हे कळायला त्याला फार वर्षं लागली.

त्या शरद ऋतूत तिने मोटरसायकल विकली. गुडघा दुखतो म्हणाली. अठराव्या वर्षी ती ब्रिटिश कोलंबियात गेली आणि सुतारकाम शिकली. माझी मुलगी घरं बांधते, असं मायरन प्रत्येक तळघरात अभिमानाने सांगायचा. तिला स्वतःला मात्र त्याने ते कधी म्हणून दाखवलं नाही. फोनवर तो विचारायचा, तिकडे छतांना उतार किती देतात?

डॅनिकाला पहिली मुलगी झाली तेव्हा लॉरेटा दोन महिन्यांसाठी तिच्याकडे व्हर्ननला गेली. दुसऱ्या वेळी सहा महिन्यांसाठी. डॅनिकाच्या घराच्या खालच्या मजल्यावर तिच्यासाठी एक खोली झाली. कोणी भांडलं नाही, कोणी दार आपटलं नाही. तिने हिवाळी कोट पाठवायला सांगितला तोवर मायरनला काही वाटलं नव्हतं. शिवणयंत्र मागितलं तेव्हा तो समजला. त्याने ते फोममध्ये इतकं नीट बांधलं की उघडायला अर्धा तास लागला, असं लॉरेटा फोनवर म्हणाली.

तो मग रोज संध्याकाळी ट्रेलरमध्ये जाऊन बसायला लागला. त्रेसष्टाव्या वर्षी त्याने काम सोडलं आणि त्या हिवाळ्यात ट्रेलर पुरा केला. मेपलच्या प्लायवूडच्या भिंती, तेल पाजून चमकवलेल्या. बर्थ पुढे, पाण्याची टाकी बरोबर चाकांवर, मागे दोन मोटरसायकली किंवा चार सायकली मावतील एवढी जागा, घडी होणारं टेबल, छोटा हीटर. एकही स्क्रू डोळ्यांना दिसत नव्हता. शेजारचा वॉल्टर बघायला आला आणि त्याने टोपी काढली. "मायरन, यात झोपायचं की प्रार्थना करायची?"

ऑगस्टमध्ये मायरन निघाला. दोन दिवसांचा रस्ता. डोंगरांत वळणांवर त्याने मुद्दाम लक्ष ठेवलं. ट्रेलर तसूभर हलला नाही.

व्हर्ननला पोचला तेव्हा लॉरेटा व्हरांड्यात शेंगा सोलत होती. केस कापले होते.

"आलास?"

"आलो."

"दमलास का?"

"नाही. हा मुळीच ओढत नाही. मागं आहे हे कळतसुद्धा नाही."

डॅनिका कामावरून आली, गुडघ्यांना भुसा लागलेला. तिने ट्रेलरच्या आत जाऊन भिंतीवरून तळवा फिरवला, बिजागरी उघडून मिटून पाहिली, वाकून टेबलाखाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सुंदर आहे, डॅड," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. "माझ्याकडच्या एकाही माणसाला हे जमणार नाही."

"तुमच्यासाठीच आणलाय. पोरांना घेऊन जायला. मागं त्यांच्या सायकली बसतील बघ."

तिने गुडघ्यांवरचा भुसा झटकला. मग म्हणाली, "ये. तुला काहीतरी दाखवते."

घरामागे, सफरचंदाच्या झाडाखाली एक काळा ट्रेलर होता. बारा फुटी, बंद, कडांना गंज धरलेला. डॅनिकाने दार खाली पाडलं. आत कच्चा प्लायवूड होता आणि त्यावर पोरांनी रंगीत पेनांनी मासे काढले होते. एक फळी दुसरीहून बोटभर लांब राहिली होती. कोपऱ्यात वाळू साठली होती.

"तीन शनिवार-रविवारांत केला," ती म्हणाली. "पडदेसुद्धा नाहीत. टॉवेल लावतो."

मायरनने पाहिलं. बर्थ पुढे होते. टाकी चाकांवर होती.

"वजन पुढं आहे," डॅनिका म्हणाली. "तुझं बरोबर होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार, डॅड? तू बरोबर होतास."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी धरायला मिळालं असतं. त्याला म्हणायचं होतं की त्या रविवारी मी थांबायला हवं होतं, आपण दोघांनी मिळून सरकवायला हवं होतं. तो म्हणाला, "गंजाला आतून रंग लाव. नाहीतर खाईल पत्रा."

"लावते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं तळ्यावर गेली होती. व्हरांड्यात दोघंच होती.

"लॉरेटा," मायरन म्हणाला, "झालाय आता. सगळं झालंय. उद्या सकाळी निघालो तर परवा तोफिनो. समुद्र."

लॉरेटाने टोपली खाली ठेवली. त्याच्या हातावर हात ठेवला. तिचा हात ओला होता.

"मी समुद्र पाहिला रे, मायरन. दोनदा."

रस्त्यावरून एक गाडी गेली. समोरच्या घरापुढे कोणीतरी गवताला पाणी घालत होतं.

"सांगितलं नाहीस कधी."

"फोनवर सांगणार होते. पण त्या दिवशी तू बिजागऱ्यांचं सांगत होतास. पितळी घेऊ का स्टीलच्या. मग राहून गेलं."

त्याने मान हलवली. तो फोन त्याला आठवत होता. पितळी घेतल्या होत्या.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"थंड. आणि आवाज फार करतो. रात्रंदिवस." तिने टोपली उचलून मांडीवर घेतली. "तुला आवडला असता."

चौथ्या दिवशी तो निघाला. दोन ट्रेलर ठेवायला जागा नाही, हे डॅनिकाने दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत, त्याला लागू नये म्हणून सांगितलं. लॉरेटाने डबा बांधून दिला. "ख्रिसमसला ये," ती म्हणाली. "विमानाने ये. एवढी गाडी हाकू नकोस आता." तिने त्याची कॉलर नीट केली आणि मागे सरली.

तीन तासांवर रस्ता बंद होता. डोंगरापलीकडे जंगल पेटलं होतं. पोलिसाने सगळ्यांना जवळच्या गावातल्या बर्फावरच्या हॉकीच्या बंदिस्त मैदानाकडे वळवलं. भर दुपारी सूर्य नारिंगी दिसत होता आणि गाड्यांवर राख पडत होती. ज्यांची गावं रिकामी केली होती ती माणसं आधीच तिथे येऊन पडली होती, कचऱ्याच्या पिशव्यांत कपडे, कुशीत कुत्री. आत खाटा शिल्लक नव्हत्या.

मायरनच्या शेजारी एका छोट्या लाल गाडीत चौघी होत्या. एक मारिबेल, ती मोटेलात साफसफाई करायची. तिच्या दोन मुली, आणि मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेली तिची फिलिपिनी आई. म्हातारीचे घोटे सुजून टम्म झाले होते.

"कधीपासून आहात?" मायरनने विचारलं.

"परवापासून, सर. गाडीतच झोपतो. आईला पाय लांब करता येत नाहीत ना." मारिबेल कसनुसं हसली. "तुमचं बरंय, घर बरोबर आहे."

मायरनने डबा उघडला होता तो मिटला. ट्रेलरपाशी जाऊन मागचं दार खाली पाडलं.

"आईंना घेऊन या. आडव्या होऊ देत."

मारिबेल दाराशी आली आणि थबकली. तेल पाजलेलं लाकूड पाहून तिने चपला काढल्या. "नको सर. हा तर कोरा आहे. नवीन घेतलात?"

"एकोणीस वर्षांचा आहे," मायरन म्हणाला. "या बर्थवर कोणी झोपलं नाही अजून."

ती समजली नाही. पण आईचे पाय बघून ती आत आली. तासाभरात ट्रेलरमध्ये भात शिजायला लागला, सुक्या मासळीचा वास मेपलच्या भिंतींत शिरला, आणि वरच्या बर्थवर कोण यावरून मुली भांडायला लागल्या. म्हातारी टेबलाशेजारच्या बर्थवर पाय पसरून घोरत होती. मायरन पिकअपमध्ये झोपला.

सकाळी टक्‌टक् आवाजाने त्याला जाग आली. मारिबेल बुटाच्या टाचेने भिंतीत खिळा ठोकत होती. खिळा तिरका गेला होता आणि लाकडाला बोटभर चीर पडली होती. त्याला उतारावर पाहून तिने बूट पाठीमागे लपवला.

"सर, चुकलं. पोरींचे कपडे धुतलेत, बाहेर राख पडतेय म्हणून... विचारायला हवं होतं मी."

मायरनने त्या चिरेकडे पाहिलं. ती बुजवता आली असती. पातळ सरस, वरून दाब, चोवीस तास. तो पिकअपकडे गेला आणि हातोडी घेऊन आला. मारिबेलने डोळे खाली घातले.

"दोरीला दुसरं टोक लागेल ना," तो म्हणाला. "कुठं हवंय?"

तिने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "तिथं. जरा खाली. आईचा हात पोचला पाहिजे."

त्याने तिथे खिळा मारला. मोजलं नाही.

तिसऱ्या दिवशी जळालेल्या घरांची यादी लागली. मारिबेलच्या गल्लीत एकही घर उरलं नव्हतं. ती कागद हातात धरून लाल गाडीला टेकून उभी राहिली. रडली नाही. मायरनने ट्रेलरचे कागद काढले, गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली आणि तिला दिले. ती नको म्हणाली, दोनदा म्हणाली. मग तिच्या आईने आपल्या भाषेत काहीतरी दटावलं आणि तिने ते घेतले.

"मोटेलचे मालक त्यांच्या जागेवर लावू देतील," ती म्हणाली. "पण सर, मला यातलं काही कळत नाही. काही सांभाळायचं असेल तर सांगा."

"दुसरीकडे न्याल तेव्हा जड सामान पुढं ठेवा."

"आणखी?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. हिवाळ्याआधी टाकी रिकामी करायची, हीटरची जाळी महिन्याला पुसायची, टेबल मिटताना डावा पाय आधी. एकोणीस वर्षांचं सगळं ओठांवर आलं.

"नाही," तो म्हणाला. "बाकी तुम्ही लावाल तसं."

त्याने चाकांना ठोकळे लावले, पिकअपचा आकडा सोडवला आणि निघाला. रस्ता उघडला होता. दोन्ही बाजूंना काळे बुंधे उभे होते आणि अजून धुरकटत होते. मायरन उजव्या कडेने सावकाश चालला होता. चढावर गिअर आधीच खाली घेत होता, वळणं रुंद घेत होता, ऐंशीच्या वर काटा जाऊ देत नव्हता. मागून येणारे लोक हॉर्न वाजवायचे, शेजारून जाताना त्याच्याकडे रागाने बघायचे. तो हात वर करून त्यांना वाट द्यायचा आणि त्याच वेगाने जात राहायचा. मागे काही नाही, हे माहीत असूनही.